तासभर आधी

रिटायर सुभेदार नाथाजींना कुठंही तासभर आधी पोचायची खोड. उंब्रजच्या स्टँडवर त्यांच्याशेजारी एसटीची वाट बघण्यातच चंद्राबाईंची निम्मी हयात गेली. हायवेलगतच्या नव्या मेडिकल कॉलेजची इमारत बांधायला सरकारनं रोखे काढले, तेव्हाही ते घ्यायला रांगेत पहिले नाथाजीच. वर त्याच कॉलेजला देहदानही लिहून दिलं. म्हणाले, “आदी पैसा, मागनं मी. आपल्या भागातल्या पोरास्नी डॉक्टर व्हायला पुन्याला जायला लागू नये.”

आज पहाटे नाथाजी गेले. चंद्राबाई आणि लेक जयराज त्यांना गाडीत घालून थेट कॉलेजवर आले. तिथं नुसते खांब उभे होते. पत्र्याच्या ऑफिसातला कारकून बाहेर आला, गाडीत डोकावला आणि त्यानं हात जोडले.

“मावशी, देह ठेवायची खोलीच अजून बांधलेली नाही. पुण्याच्या कॉलेजात न्यावं लागेल.”

जयराज तडकला. “आबांनी रोखे घेतल्यात ह्या इमारतीचे! हितली एक भिंत तरी त्यांची हाय का न्हाई?”

“भिंत असती तर मीच दाखवली असती, दादा.”

चंद्राबाईंनी लेकाला हातानंच गप्प केलं. “चल बाबा, पुन्याला,” त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. मग नवऱ्याच्या उशाशी बसून त्यांनी चादर सारखी केली.

“आवं, जलमभर सांगत आले, जरा दमानं घ्या म्हनून. आलासा न्हवं हितंबी आदीच?”