पांढऱ्या फिती

शिंप्याने तेराव्या दाराच्या कडीला पांढरी फीत बांधली आणि बाईंनी खिडकीतून मनातल्या मनात बरोबरची खूण केली.

साथ आली होती, पण या खेपेला गल्ली गाफील नव्हती. मागच्या साथीत एकटी राहणारी माणसं बंद दाराआड गेली, कुणाला पत्ताही लागला नाही. बाईंची धाकटी बहीण त्यांतलीच. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंनी प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत बसून यादी केली. एकटं कोण राहतं, औषध कुणाला कोणतं लागतं, जिना कुणाला उतरवत नाही. साथ आली की प्रार्थनेला येणाऱ्यांपैकी दोघांनी रोज सकाळी निघायचं, दार वाजवायचं. आतून ओ आली की फीत बांधायची. नाही आली, तर दार उघडायचं.

"तुमचा देव हजेरी घेतो वाटतं," आरोग्य केंद्रातल्या नर्सताई तेव्हा म्हणाल्या होत्या.

"तो कसला घेतोय! ते काम त्याने माझ्या गळ्यात घातलंय."

नर्सताईंनी हसत हसत यादी तपासली आणि तळाशी पेन्सिलीने एक ओळ लिहिली. बाईंनी ती त्याच संध्याकाळी खोडरबराने पुसली. पक्क्या यादीत कुणी लुडबुड केलेली त्यांना खपत नसे.

आता फिती वाऱ्यावर हलत होत्या. ऊन दुधासारखं पातळ झालं होतं. बहीण लहानपणी वेणीला अशाच फिती बांधायची. ती एकेका दाराला हात लावत गल्लीतून चालली आहे, असं बाईंना वाटलं. त्यांनी शाल घट्ट ओढली. पाण्याचा तांब्या टेबलावर होता आणि टेबल कालपासून फार लांब गेलं होतं.

खिडकीखाली शिंपी आणि बेकरीवाल्या काकू थांबले.

"एक दार सुटलं नाही," काकू म्हणाल्या. "वर जाऊन सांगायचं का त्यांना?"

"नको. मघाशी खिडकीत दिसल्या की. आपल्या चुका काढत बसल्या असतील."

दोघं हसली. बाईंनी हाक मारली. ओठ हलले, आवाज काही फुटला नाही. पावलं कोपऱ्यावरून वळली.

नर्सताईंचं अक्षर छान होतं. पुसतानाही बाईंच्या मनात तेच आलं होतं. 'वरचा मजला. बाई. एकट्या राहतात.'