हलू नका

चर्चच्या जेवणात गिदोन आजोबांनी सगळ्यांसमोर दीना आजीच्या केकला वीट म्हटलं, तेव्हापासून चार दिवस आजी त्यांच्याशी बोलत नव्हती. शेवटी त्यांच्या नातीने, नॅन्सीने, दोघांना सावेडीतल्या घराच्या गच्चीवर आणून बसवलं. आजोबांच्या बंद झालेल्या स्टुडिओतला फोटोचा जुना कागद तिने उन्हात ठेवला आणि त्यावर दोघांचा एकेक हात बोटांत बोटं गुंतवून ठेवला.

"शाळेत शिकवलंय. ऊन लागेल तिथे कागद काळवंडतो, हाताखाली पांढरा राहतो. दहा मिनिटं अजिबात हलायचं नाही!"

आजी दहाही मिनिटं शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीकडे बघत राहिली. हात उचलले, तर नऊ बोटं सुबक उमटलेली. आजोबांचा अंगठा तेवढा धुरकट.

"आजोबा, चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना 'हलू नका' म्हणून दटावलंत, आणि स्वतःच हललात?"

"त्या धंद्यात एवढंच तर शिकलो, पोरी," आजोबा साळसूदपणे म्हणाले. "हललं की फोटो परत काढावा लागतो."

नॅन्सी नवा कागद आणायला उठली, तेवढ्यात आजी बोलली, तीही थेट आजोबांशी.

"अहो, मग नुसता अंगठाच का? या वेळी करंगळीपण हलवा."