चार्जिंगच्या झाकणाआड

गोरक्षनं चार्जिंगचं झाकण उघडलं आणि लगेच बंद केलं.

“काय झालं? उघड की,” मागून महेशसाहेब म्हणाले. वर्कशॉपचे मॅनेजर सकाळपासून त्याच्या मानगुटीवर बसले होते.

उघडणं भाग होतं. सॉकेटच्या कडेला वाळलेलं कुंकू होतं. त्याचा ओघळ आत उतरून पिनांपर्यंत गेला होता, आणि दोन पिना जळून काळ्या पडल्या होत्या. महेशसाहेबांचा चेहरा असा खुलला की पगारवाढीच्या दिवशीही खुलला नसेल.

दीड कोटीची विजेवरची गाडी. आठ महिन्यांत तिसरी खेप. पहिल्यांदा समोरची स्क्रीनच काळी पडली. दुसऱ्यांदा आतली छोटी बॅटरी बसली आणि दारंच उघडेनात. या खेपेला रात्रभर लावून ठेवूनही चार्जिंग झालं नाही, आणि सकाळी होती नव्हती तेवढी वीज संपून गाडी इंदिरानगरच्या बोगद्यात ऐन गर्दीत आडवी झाली. आता सॉकेट, वायरिंग, चार्जर सगळं बदलायचं. सहा लाख ऐंशी हजार. एकच गाडी सारखी परत का येते, असं कंपनीनं वर्कशॉपला दोनदा विचारून झालं होतं.

“गिऱ्हाइकानं पूजा केली, कुंकू आत गेलं. वॉरंटी रद्द, आपण सुटलो,” महेशसाहेबांनी रिपोर्टची वही पुढे केली. “सही कर.”

गोरक्षनं पेन घेतलं. पण ते कागदावर टेकवेना, कारण ते कुंकू त्यानंच लावलं होतं.

वीस वर्षं तो निफाडला ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. नवं यंत्र आलं की ते जिथून खातं तिथं कुंकू लावायचं, मगच पाना हातात धरायचा, हे उस्तादानं पहिल्याच दिवशी शिकवलेलं. डिझेलच्या टाकीला लावून कधी काही बिघडलं नाही. इथं ट्रेनिंग घेऊन विजेच्या गाड्यांवर आला, पण बोटांची सवय काही गेली नाही. बाहेर लावलेलं कुंकू धुणारी पोरं पुसून टाकायची, म्हणून तो झाकणाआड लावायला लागला. ओलं करून, चांगलं ठसठशीत. गाडी कुणाचं वाईट न करता सुखानं धावावी, एवढंच त्याच्या मनात असायचं.

आता बोलावं तर नोकरी जाणार. पन्नाशीला आलेल्या माणसाला दुसरं कोण घेतं? त्यानं डोळे मिटून सही ठोकली.

दुपारी मालक स्वतः आले. आजवर गाडी घेऊन यायचा तो त्यांचा ड्रायव्हर बुधा, कपाळाला गंध लावलेला; तोही आज त्यांच्या मागे उभा होता. कागदावर नाव कंपनीचं, गोदाई पॅकेजिंग. त्यामुळे मालकांना महेशसाहेबांनी कधी पाहिलेलंच नव्हतं.

“मी निसार शेख,” ते खुर्चीत बसत म्हणाले. त्यांनी रिपोर्ट शांतपणे वाचला. पुन्हा वाचला. मग चष्मा काढला. “महेशसाहेब, आमच्या घरात कुंकू कोण लावणार हो?”

महेशसाहेबांना घाम फुटला. पण माणूस मोठा हुशार, त्यांनी लगेच पवित्रा बदलला. “शेठ, मग तुमच्या ड्रायव्हरनं लावलं असेल. बघा ना, गंध लावूनच फिरतो.”

निसारशेठ सावकाश वळले. “बुधा?”

“आईशप्पत नाय, शेठ! मी त्या झाकणाला हातबी लावत नाय. घरी चार्जिंगला धाकटे शेठ, फरहानभाऊच लावत्यात.”

“खरं बोल. दहा वर्षं झाली तुला माझ्याकडे. खोटं निघालं तर उद्यापासून येऊ नकोस.”

बुधाच्या तोंडचं पाणी पळालं. तो एकेकाकडे बघत राहिला. गोरक्षकडेही त्यानं बघितलं, आणि गोरक्षला ते सोसवेना.

“शेठ, त्याला काय बोलू नका,” तो पुढे झाला. “कुंकू मी लावलंय. गाडी ट्रकमधून उतरली त्याच दिवशी.”

महेशसाहेब भडकले. “तू? आणि सकाळी सही करताना तुझी वाचा बसली होती?” त्यांनी रिपोर्ट ओढून घेतला आणि ‘गिऱ्हाईक’ शब्दावर काट मारली. “तुझंच नाव घालतो. कंपनीला कळू दे. हिशेब घे आणि चालू लाग.”

“घाला, साहेब. चूक माझीच हाय.”

गोरक्षच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण छातीवरचा धोंडा उतरला होता. महेशसाहेब खाली मान घालून लिहीत सुटले. लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, “या एकाच गाडीला लावलं होतंस ना?”

“नाय, साहेब. सगळ्यांना लावतो.”

“सगळ्यांना म्हणजे?”

“दोन वर्षांत आपल्याकडं जेवढ्या उतरल्या तेवढ्या. शंभराच्या वर असतील. या वर्कशॉपच्या मोठ्या मालकांच्या गाडीला तर दोनदा लावलं.”

महेशसाहेबांचं पेन थांबलं. त्यांनी गोरक्षकडे पाहिलं, मग निसारशेठकडे. शेठ मजेत चष्मा पुसत होते. महेशसाहेबांनी तो कागद टराटरा फाडला, नवा घेतला आणि त्यावर ‘पार्ट मुळातच सदोष, वॉरंटीत बदलावा’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. मग रिसेप्शनला फोन लावला.

“सृष्टी, दोन वर्षांतल्या सगळ्या गिऱ्हाइकांना फोन कर. दिवाळीनिमित्त चार्जिंगच्या सॉकेटची मोफत तपासणी आणि सफाई आहे म्हणावं, आणि आमचे सगळ्यात अनुभवी मेकॅनिक गोरक्षभाऊ ती स्वतःच्या हातानं करणार आहेत.”