स्वस्तातला दस्ता

पहारेकरीमामांच्या जुन्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीला नवा दस्ता बसला. पण हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा, कारण मंजुरीची फाईल अजून साहेबांच्या टेबलावर आहे.

तर, जुना लाकडी दस्ता चिरला होता. ऑफिसची अट एकच, स्वस्तातला स्वस्त घ्या. बंदूकवाल्याने तीन दस्ते एकेक करून बसवून दाखवले. मामा दर वेळी रायफल जमिनीवर उभी करत आणि तिच्यावर अंगाचा सगळा भार टाकून बघत.

"अहो मामा, दस्ता खांद्याला लावून बघतात!" बंदूकवाला म्हणाला.

"बाबा रे, एकवीस वर्षांत एक गोळी झाडली नाही. बारा-बारा तास दारात उभं राहायचं, बसलेला दिसलो की मेमो. गुडघ्यांचे तर कधीच बारा वाजलेत. हिच्यावर रेलूनच नोकरी काढली."

"मग हा प्लॅस्टिकचा न्या. सगळ्यांत स्वस्त, आणि हत्ती रेलला तरी हूं की चूं करायचा नाही."

मामांनी तोच घेतला आणि फाईलला एक अर्ज जोडला.



"दस्ता मजबूत आहे. तरी सदर दस्त्यास आणखी तीन पाय व एक पाठ जोडून मिळावी, ही नम्र विनंती."