एक मीटर

"वाच गं, पंडित." मुकादमानं सुरुंगाच्या नव्या वातीच्या वेटोळ्याबरोबर आलेला कागद तिच्या हातात दिला.

खाणीतले सगळे तिला पंडितच म्हणत. बापाचा डबा घेऊन ती आली की कोणी औषधाची बाटली पुढे करी, कोणी गावाकडून आलेलं पत्र. ती उभ्या उभ्या वाचून दाखवी. आताही ती खणखणीत आवाजात सुरू झाली. आर्द्रतारोधक आवरण. ज्वलनशील पदार्थ. जोडाक्षरांना ती कधी अडखळत नसे. दगड फोडणारे हातातलं काम थांबवून ऐकू लागले.

"ते राहू दे," बाप म्हणाला. तो खाणीतला सुरुंगवाला. त्याला अक्षरओळख नव्हती. "जळायला किती वेळ लागतो, ते लिहिलंय का?"

"एक मीटर वात नव्वद सेकंदांत जळते."

"झालं तर मग. पेटवून वर आडोशाला यायला मला तीन मिनिटं लागतात. किती कापू?"

तिनं कागदावर पुन्हा नजर फिरवली.

"नाहीतर एक तुकडा जाळून बघतो," बाप म्हणाला. "कंपनी बदललीय. जुनीचा मला अंदाज होता."

"आता कुठं जाळत बसतोस?" मुकादम वैतागला. "खाली भोकं भरून तयार आहेत, गाड्या खोळंबल्यात. ही समोर उभी असताना? काखेत कळसा अन् गावाला वळसा!"

सगळे हसले. बापही हसला.

शाळेत तिनं एक युक्ती शोधून काढली होती. बाईंनी तोंडी गणित विचारलं की ती बाईंचा चेहरा वाचायची. एक आकडा हळूच पुढे करायची. भुवया चढल्या की तो सोडून दुसरा. ओठ सैल पडले की तोच बरोबर. गणिताच्या लेखी परीक्षेत भोपळा मिळायचा, पण भाषेत वर्गात पहिली येणाऱ्या पोरीला बाकीचं येत नसेल, असं कोणाच्या मनातच येत नसे. 'हुशार आहे, लक्ष देत नाही,' एवढंच बाई म्हणत. बापाला तिनं ते कधी सांगितलं नव्हतं. बाप तिच्या निबंधाचं बक्षीस खिशात घालून फिरायचा, दिसेल त्याला दाखवायचा.

तिनं बापाकडे बघितलं.

"एक..." ती चाचपडत म्हणाली. "एक मीटर..."

आणि भुवयांची वाट बघत थांबली.

भुवया हलल्या नाहीत. बाप तिच्याच तोंडाकडे बघत होता.

"एक मीटर," त्यानं मान डोलावली. "जुनी याच्या दुप्पट लागायची. ही सावकाश जळत असणार. सुधारणा झाली म्हणायची!" मग जरा थांबून त्यानं विचारलं, "नीट बघितलंस ना गं?"

सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते.

"हो," ती म्हणाली.

मुकादमानं पट्टी लावून वात कापली. बाप ती खांद्यावर टाकून वळणाची वाट उतरून तळाशी गेला.

बाकीचे आडोशामागे जाऊन बसले. ती कागद घेऊन एका कडेला टेकली. नव्वद, तीन, एक. आकडे तिच्याकडे नुसते बघत राहिले. मग तिनं त्यांचा नाद सोडला आणि, निबंध लिहिताना करायची तसं, डोळे मिटून सगळं ओळीनं मनात मांडलं.

बाबा वात पेटवतात. बाबा चालायला लागतात. एक मिनिट जातं. बाबा अजून तळातच आहेत. पुढचं अर्धं मिनिट जातं. साठ आणि तीस, नव्वद. वात संपली. बाबा कुठं आहेत?

बाबा वळणावर होते. निम्म्या वाटेवर. तिथून पुढं वाक्य जाईना.

तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बाबा पुन्हा वळणावरच आले.

"काका," ती उठून मुकादमाजवळ धावली. "ते चुकलंय. मला गणित येत नाही."

"अगं, इथं कोणाच्या बापाला येतंय!" मुकादम हसला. खालून बापानं लाल फडकं हलवलं. वात पेटली होती. मुकादमानं भोंग्याचं बटण दाबलं.

"काका, मला खरंच येत नाही. मी अंदाजानं सांगितलं."

भोंग्यात तिचा आवाज बुडाला, पण मुकादमानं तिचं तोंड बघितलं आणि त्याचं हसू तिथंच विरलं. त्यानं तिच्या हातातला कागद ओढून घेतला. उलटा धरला, सुलटा धरला. मग तो कागद टाकून भोंगा बंद करायला बटणाकडे वळला, आणि घाईत त्याला ते सापडेना.

ती खाणीच्या काठाशी पोचली होती.

खाली दगडांच्या फटीतून धुराची बारीक रेघ निघत होती. बाप तिकडे पाठ करून वर येत होता, फडकं खांद्यावर, शेतावरून घरी निघालेल्या माणसासारखा निवांत. वळण अजून यायचं होतं.

"बाबा, पळा!"

बापानं वर बघितलं. काठावर लेक उभी आहे, हात हलवतेय, काहीतरी ओरडतेय, एवढं त्याला दिसलं. त्यानंही हात हलवला.

"बाबा, पळा! पळा!"

भोंगा वाजतच होता. ती काय म्हणतेय ते नीट ऐकू यावं म्हणून बापानं कानामागे हात धरला, आणि तो वाटेत थांबला.