चमचाभर पाणी

चांगुणाच्या लेकाला साखरा गावच्या मातीत पुरू दिलं नव्हतं ते याच किशनरावानं. येशूवाली म्हणून तिला प्रेत टेम्पोत घालून हिंगोलीला न्यावं लागलं होतं. आता तोच खाटेवर शेवटच्या घटका मोजत होता, आणि घरच्यांना बाहेर काढून त्यानं तिलाच बोलावलं होतं. तिनं पाण्याचा चमचा त्याच्या तोंडाशी नेला. "चांगुणे, त्या पापानं मला कुत्र्याचा जन्म येईल काय?" "न्हाई मालक. आमच्यात पुढला जन्मच नसतो." त्याला हायसं वाटलं. "एकदाच मरायचं," ती पुढं म्हणाली, "मंग थेट देवापुढं उभं ऱ्हायचं." त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मंग सुटका कशानं?" मरता मरताही मनापासून माफी मागितली तर देव पदरात घेतो, हे तिला पाठ होतं. पण मग हा स्वर्गात लेकाशेजारी जाऊन बसणार! तिनं भरला चमचा परत पेल्यात ओतला. "ठाव न्हाई, मालक."