जिभेखालची आठ मिनिटं

राखेने भरलेला बिस्किटांचा डबा.

कमरेतला चौथा मणका. एक्स-रेत बाकीच्यांपेक्षा जरा बाजूला, रांगेत मध्येच घुसलेल्या माणसासारखा.

दोन लिफ्टा, नऊ मजले, बाहेरगाव. सोमवारी सकाळी निघायचं.

खिशात दात घासायचा ब्रश, सिगारेटचा वास घालवायला, अजून ओला.

"शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे जीव नकोसा. बोला, आज किती दुखतंय?"

"दोन," लिफ्टमिस्त्री म्हणाला.

टेबलापलीकडच्या सिस्टरने कार्डावर दोनचा आकडा लिहिला. दुखणं थांबवायच्या गोळ्या खाता खाता ज्यांना त्या गोळ्यांनीच धरलं, अशा माणसांचा हा दवाखाना. रोज सकाळी इथे येऊन दुसरी गोळी घ्यायची, ती सवय सुटण्यासाठी. मिस्त्री पाच महिने एकही दिवस चुकला नव्हता. आठवडाभराच्या गोळ्या त्याला घरी न्यायला द्यायच्या की नाही, हे डॉक्टर आज कार्ड बघून ठरवणार होते. दिल्या तर बाहेरगावचं काम त्याचं. नाही दिल्या तर मुकादमाने दुसरा माणूस बघून ठेवलेलाच होता.

आकडा मोठा सांगितला की गोळ्यांवर डोळा आहे असं लिहितात, हे त्याला बाहेरच्या पायरीवर सिगारेट ओढणाऱ्या जुन्या मंडळींनी शिकवलं होतं. "मिस्त्री, आपली लिफ्ट दोन नंबरच्या मजल्यावरच थांबवायची," ते म्हणायचे आणि खोकत हसायचे.

"सिगारेट?"

"चार-पाच होतात दिवसाला."

शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या त्याच्या ताईने घसा खाकरला.

सिस्टरने गोळी पुढे केली. "जिभेखाली. आठ मिनिटं बोलायचं नाही, गिळायचं नाही. गोळी बाहेर आली तर आजची वाया. मग घरी न्यायचं नावच काढू नका."

टायमर टिकटिकायला लागला. गोळी कडूजहर. मिस्त्रीचा गुडघा खालीवर, खालीवर. बोटं खिशातल्या सिगारेटच्या पाकिटापर्यंत जायची, परत यायची.

"सिस्टर," ताई म्हणाली, "आता बोलू का? एरवी हा बोलू देत नाही."

गुडघा थांबला.

"बावीस. चार-पाच नाही, बावीस. डबा मी रिकामा करते, थोटकं मला ठाऊक."

मिस्त्रीने नाकातून आवाज काढला.

"ओठ," सिस्टर म्हणाली.

"जेवतो उभ्याने, कारण बसवत नाही. दोन घास खाल्ले की गॅलरीत जाऊन झुरके. मग दहा मिनिटं माणसात. मग पुन्हा दात-ओठ खातो, पुन्हा काडी ओढतो. मला म्हणतो, ताई, ही माझ्या पाठीची किल्ली आहे. अरे, त्या किल्लीनेच कुलूप बिघडवतोयस तू!"

"खरं आहे ते," सिस्टर म्हणाली. "धुराने घटकाभर बरं वाटतं, दुखणं मात्र वाढतच जातं."

मिस्त्रीने ताईला हाताने दार दाखवलं. चालती हो. तोंडात लाळ साचत चालली होती.

"डोळे वटारू नकोस. लहानपणी असेच वटारायचास, आणि हात लावून बघावं तर अंगात सणसणून ताप."

सिस्टरने पेन खाली ठेवलं. "हे बघा, जास्त दुखतं म्हणून इथून कुणाला हाकलत नाहीत. उलट पाठीचं काहीतरी करता येईल, सिगारेट सोडवायला मदत मिळेल. पण मी खरं लिहिलं तर घरच्या गोळ्या या महिन्यात नाहीत. त्यांचं काम जाईल. चालेल तुम्हाला?"

"नाही चालणार," ताई म्हणाली. "मला काय हौस आहे? पण सोमवारी हा लिफ्टच्या टपावर उभा राहणार. खाली नऊ मजल्यांचा खड्डा. वाकून नट आवळताना कमरेत कळ आली की तिथे कार्डावरचा आकडा धरून ठेवणार आहे का याला?"

मिस्त्रीने ओठ उघडायला घेतले. एक वाक्य पुरे होतं. ही खोटं बोलतेय, एवढंच. गोळी बाहेर पडली असती, पण वाक्यही पडलं असतं.

टायमरवर तीन मिनिटं उरली होती.

"तोंडाने नको," सिस्टर म्हणाली. "बोटांनी सांगा. किती?"

त्याने ताडकन उजवा हात वर केला. दोन बोटं.

सिस्टरने काही लिहिलं नाही. ताईनेही तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. तिचं बोलून झालं होतं. बाहेर पायरीवर कुणीतरी काडी ओढली, विझली, पुन्हा ओढली. दोन बोटं तशीच हवेत. मग त्यांच्या बाजूला तिसरं आलं. बऱ्याच वेळाने चौथं. मग अंगठा.

पुढचा आकडा दाखवायला डावा हात हवा होता, आणि डावा हात आल्यापासून कमरेमागे खुर्चीत रुतवून बसवलेला होता. तो त्याने काढला. हळूहळू, चेहरा वाकडा होऊ न देता. मग चेहराही होऊ दिला.

सिस्टरने दोनवर काट मारली.

टायमर वाजला. आता बोलायला हरकत नव्हती. मिस्त्रीने बोटं खाली घेतली नाहीत.

त्या सकाळी घरून निघताना त्याच्या बुटांच्या नाड्या ताईने बांधल्या होत्या.